जैतुन मंझिलमधली आगीची तालीम

आग लागायच्या आधीच तिची तयारी करणारी शहागंजातली पहिली बाई मी. हे मी आजवर फारसं कुणाला सांगितलं नाही, कारण सांगायला लागलं की आमच्या घरातली माणसं हसतात. पण परवा मुलाच्या सोसायटीत आगीची तालीम झाली. भोंगा वाजला, शिट्ट्या झाल्या, आणि पिवळी टोपी घातलेला एक मनुष्य "शांतपणे उतरा, शांतपणे उतरा" असं जिवाच्या आकांतानं ओरडत होता. लोक हसत-खिदळत खाली आले. मला एक खुर्ची दिली. सूनबाई म्हणाली, "आई, तुमच्या वेळी असलं काही नसेल ना?" खुर्चीचा एक पाय आखूड होता आणि माझं सगळं लक्ष तोल सांभाळण्यात होतं, म्हणून मी तेव्हा गप्प बसले. आता सांगते.

तेव्हा औरंगाबादेत निजामाचं राज्य होतं. सुट्टी शुक्रवारी असे, कचेरीचा कारभार उर्दूत चाले, आणि आम्ही शहागंजात जैतुन मंझिलमध्ये राहत होतो. इमारत तीन मजली होती. आज तीन मजले म्हणजे काही नाही, पण माझ्या सासूबाई मनकर्णाबाई पाचोडहून पहिल्यांदा आल्या तेव्हा पहिल्या मजल्याचा कठडा दोन्ही हातांनी धरून म्हणाल्या होत्या, "माणसं काय पाखरं हायेत व्हय, असं टांगून राहायला?"

तळमजल्यावर इलियास पिंजाऱ्याचं गाद्या-रजयांचं दुकान. पहिल्या मजल्यावर एका बाजूला आम्ही, म्हणजे मी, सासूबाई आणि आमचे हे. हे कचेरीत कारकून होते. समोरच्या बिऱ्हाडात आप्पासाहेब. ते निवृत्त पेशकार, म्हणजे आयुष्यभर दुसऱ्यांची प्रकरणं साहेबापुढं मांडलेली, आणि आता मांडायला प्रकरण नाही म्हणून बेचैन. सगळ्यात वरच्या मजल्यावर मालकीण जैतुनबी आणि त्यांची सून आबेदा. आबेदाचा नवरा गयास हैदराबादेला नोकरीला होता, ईदेला येई.

एवढ्या माणसांना जिना एक. लाकडी, अरुंद, आणि त्याच्या पायथ्याशीच इलियासचा कापूस छतापर्यंत रचलेला. कापसाशेजारी इलियास, आणि इलियासच्या ओठात विडी. मी एकदा बोलले तर म्हणाला, "वैनी, माझ्या विडीला बी ठावं हाय पोट कशावर चालतंय ते."

त्या जिन्याचा एक कायदा होता, तो सांगितल्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. वरच्या मजल्यावर गोशा होता. गोशा म्हणजे पडदा. त्यामुळं कुणीही पुरुष जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवताना मोठ्यानं "गोशाऽऽ!" असं ओरडायचा. मग पाणी आणणारा पखालवाला असो की आप्पासाहेब असोत. आवाज आला की बायकांनी जिथं असू तिथून आत जायचं, दार लावायचं, कडी घालायची आणि पावलं निघून गेली की पुन्हा उघडायचं. आम्ही देशमुख, आमच्याकडं एवढं कडक नव्हतं. पण कानाला सवय लागते. "गोशा" ऐकलं की माझे पाय मला न विचारताच आत वळत. एकदा तर शहागंजाच्या बाजारात कुणीतरी ओरडलं आणि मी समोरच्या भांडीवाल्याच्या दुकानात शिरून दार शोधत होते.

तर त्या साली गुलमंडीकडं एका अत्तरवाल्याच्या दुकानाला आग लागली. माणूस कुणी दगावलं नाही, पण वरच्या माडीवरच्या बायकांना साड्यांना गाठी मारून कडब्याच्या गाडीत सोडावं लागलं. दुसऱ्या दिवशी मी आणि आबेदा वरच्या सज्जात तांदूळ निवडत बसलो होतो. आबेदाला आठवा महिना लागला होता. ती निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडत होती. मग सूप खाली ठेवून म्हणाली, "भाबी, अपने इधर आग लगी तो मैं कैसा उतरूं? मैं क्या घागर हूं, रस्सी बांध के छोड़ने कू?"

मी हसले. ती हसली नाही. जिन्याकडं बघत होती.

"मी आहे ना," मी म्हणाले.

माणूस बोलून जातो. त्या वेळी मला वाटलं, आबेदाला खाली उतरवायचं एवढंच तर आहे. बाळंतपणाच्या आत सगळं ठरवून टाकू.

आधी मी ह्यांना विचारलं. हे जेवताना म्हणाले, "आग लागली की उतरायचं. त्यात ठरवायचं काय?" पुरुषांचा हा मोठा गुण आहे. ज्या जिन्यावरून ते दिवसातून चारदा जातात तो त्यांना कधी दिसत नाही.

मग मी आप्पासाहेबांना सांगितलं, आणि इथं माझं चुकलं असं नाही म्हणणार मी, पण प्रकरण माझ्या हातातून तिथंच गेलं. आप्पासाहेबांचे डोळे चमकले. त्यांनी शेरवानीच्या गुंड्या लावल्या. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच लावल्या असाव्यात, कारण वरची लागेना. "तजवीज करू," ते म्हणाले. "पण रीतसर. प्रथम अर्जी. सरकारला माहीत नसलेली आग विझवायला सरकार येत नाही."

अर्जी ह्यांनी लिहिली, सुंदर उर्दूत. आगीचं खातं ज्या कचेरीकडं होतं तिचं नाव मी घेत नाही, कारण तिथल्या कारकुनाचा नातू आता आमच्याच सोसायटीत राहतो आणि मी वर येताना माझी पिशवी धरतो. आप्पासाहेब आणि हे अर्जी घेऊन गेले. परत आल्यावर ह्यांनी सगळं संभाषण मला सांगितलं.

कारकुनानं विचारलं, "आग कब लगी?"

"अजून लागली नाही."

"फिर अर्जी काहे की?"

"लागू शकते, म्हणून."

कारकुनानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि अर्जी परत दिली. "लागू शकणाऱ्या आगीचा इथं रकाना नाही. लागल्यावर या."

पण आप्पासाहेब पेशकार होते. ते उठलेच नाहीत. शेवटी त्यांना घालवायला म्हणून एक इन्स्पेक्टर पाठवायचं कबूल झालं. पंधरवड्यानं इन्स्पेक्टर आला. जिन्याच्या पायथ्याशी उभा राहिला, "गोशाऽऽ!" म्हणून ओरडला, वर जाऊन आला, इकडं-तिकडं वास घेतला आणि लिहून गेला: मौक्यावर आग आढळली नाही. शिवाय विनाकारण सरकारचा वेळ घेतल्याबद्दल समज. ती समज ह्यांच्या नावानं होती. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

मग आप्पासाहेबांनी ठरवलं की आपणच करू. त्यांच्या बैठकीत सभा भरली. पुरुष गादीवर, आम्ही बायका मधल्या दाराच्या पडद्याआड. प्रश्न पहिला: इशारा कशानं द्यायचा? थाळी वाजवावी तर गल्लीला वाटणार पोर झालं. घंटा वाजवावी तर लोक प्रसादाला येणार. इलियास म्हणाला, "मी धुनकी वाजवीन," पण कापूस पिंजायची धुनकी तो दिवसभरच वाजवत असे. मग रोज सकाळपासून आगच. शेवटी ठरलं, इलियास तळाशी असतो, आग त्याला आधी दिसेल, म्हणून त्यानंच जिना चढत ओरडायचं.

प्रश्न दुसरा: आधी कुणी उतरायचं? आप्पासाहेब म्हणाले, वयाच्या मानानं. म्हणजे आधी ते. ह्यावर पडद्याआडून सासूबाई बोलल्या, "आमच्या पाचोडला गोठ्याला आग लागली की पहिलं बैल सोडत्यात. मंग माणसं."

आप्पासाहेब म्हणाले, "मनकर्णाबाई, इथं बैल नाहीत."

"मंग पहिलं तुमीच उतरा," सासूबाई म्हणाल्या.

पडद्याआड आबेदा त्या दिवशी पहिल्यांदा हसली. मला वाटलं, चला, निम्मं काम झालं.

शुक्रवारी सकाळी पहिली तालीम झाली. आम्ही सगळ्या बायका तयार होऊन आपापल्या उंबऱ्यात उभ्या. आबेदानं बुरखा घेतला होता. सासूबाईंनी कैरीच्या लोणच्याची बरणी काखेत घेतली होती. मी म्हणाले, "आत्याबाई, आगीत लोणचं कशाला?" त्या म्हणाल्या, "घर जळालं तर भाकर कुनाच्या बी दारात मिळंल. लोणचं मागायला लाज वाटती."

आणि खालून इलियासचा आवाज आला. त्यानं त्या जिन्यावर उभ्या आयुष्यात कधीही काही न ओरडता पाय ठेवला नव्हता. तो पहिल्या पायरीवर आला आणि पूर्ण ताकदीनं ओरडला, "गोशाऽऽ! गोशाऽऽ! आग लगीऽऽ!"

पुढचं फार भराभर झालं. वरच्या मजल्यावर दोन दारं धाडकन लागली. सासूबाई बरणीसकट आत. कड्या पडल्या. मी दाराला पाठ लावून, पदर सावरून, खाली मान घालून उभी होते. पावलं गेली. मला फार बरं वाटत होतं, आपण सगळं वेळेवर केलं असं. मग हळूहळू लक्षात आलं की ही योजना माझी आहे आणि मी आत आहे.

कडी काढून सज्जातून खाली पाहिलं. आमचे हे, आप्पासाहेब, इलियास, त्याचं गिऱ्हाईक, सगळे पुरुष रस्त्यात उभे. आप्पासाहेब हात वर करून सांगत होते, "कामयाब! तालीम कामयाब! एकूण एक मनुष्य खाली उतरला!"

संध्याकाळी मी ह्यांना म्हणाले, "एकूण एक मनुष्य म्हणजे कोण?" ह्यांनी वर्तमानपत्र जरा वर धरलं.

दुसऱ्या तालमीला इलियासला तोंड उघडायची बंदी केली आणि ओरडायचं काम मी घेतलं. पण आता जैतुनबींनी नवा प्रश्न काढला. त्या ठेंगण्या, गोऱ्या, गुडघ्यांनी बेजार. हातात सदा पानदान. म्हणाल्या, "उतरी तो खड़ी कहां रहूं? शहागंज के बीच बाज़ार में? नक्को बाबा. जली तो जली."

त्यांचं खरं होतं. बाहेर जायचं झालं की दाराशी बंद टांगा लागे, आणि दारापासून टांग्यापर्यंत दोन बाजूंनी माणसं चादरी धरत, मग बायका त्या चादरींमधून जात. म्हणून आम्ही तोही बंदोबस्त केला. इलियासच्या दुकानातल्या कोऱ्या चादरी, टांगा, आणि चादरी धरून पाठ करून उभे असलेले आप्पासाहेब, हे, इलियास आणि टांगेवाला.

शुक्रवारी सकाळी शहागंजात कुणाच्या दाराशी कोऱ्या चादरींची भिंत उभी राहिली की लोक एकच समजतात: नवरी निघाली. बघता बघता गर्दी झाली. कुणी मुबारकबाद दिली. कुणी ह्यांना मिठी मारून विचारलं, मुलगा कुठला. एका हलवायानं पेढ्यांचं ताट धाडलं. दोन ताशेवाले कुठल्याशा दुसऱ्या लग्नाला चालले होते ते थांबले आणि वाजवू लागले. टांग्याचा घोडा बिथरला, टांगा निघून गेला, आणि टांगेवाला हातातली चादर घेऊनच त्याच्यामागं पळाला.

इकडं जिन्यावर मी ओरडले होते, "आग! आग!" आणि सगळ्या बाहेर आल्या होत्या, एवढं यश मला मिळालं. सासूबाई बरणी घेऊन खाली निघाल्या. जैतुनबी वरून एकेक पायरी उतरत आमच्या मजल्यापर्यंत आल्या, आणि तिथं त्यांना आठवलं की सुपारीचा डबा वरच राहिला. त्या वळल्या. त्यांच्या मागं आबेदा होती. जिन्यात एकावेळी एकच माणूस मावे. आबेदा त्या दिवसांत एकटीच दोघांची जागा घेई. जैतुनबींना वर जाता येईना, आबेदाला खाली येता येईना. सासूबाईंना खालून ताशे ऐकू आले म्हणून त्याही मागं फिरल्या. मध्ये मी. किती वेळ तसं उभं होतो कुणास ठाऊक. शेवटी आबेदा पायरीवर बसली. घाम आला होता तिला. माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "भाबी, ये जीने से नै होता मेरेकू."

खाली लोक पेढे खात होते. मला रडू आलं.

मी खालच्या पायरीवर बसले. म्हणाले, "दुसरी वाटच नाही गं."

आबेदानं सासूकडं पाहिलं. जैतुनबी एकाएकी पान लावू लागल्या. मग आबेदा म्हणाली, "है. खिड़की है."

जुन्या मोहल्ल्यांतून ही पद्धत असे. लागून-लागून घरं, मधल्या भिंतीत एक बुटकं दार. त्याला म्हणायचं खिडकी. रस्त्यावर न जाता बायकांनी ह्या घरातून त्या घरात जावं म्हणून. जैतुनबींच्या मजल्यावरून अशी खिडकी शेजारच्या घराच्या गच्चीवर उघडत होती, आणि शेजारचं घर जैतुनबींच्या सख्ख्या नणंदेचं, गुलशनबींचं. त्या घराचा जिना दगडी, रुंद, आणि मागच्या बोळात उतरणारा. म्हणजे सगळ्या शहरात आम्हाला पाहिजे होतं ते एका फळीपलीकडं होतं.

पण खिडकीला कुलूप होतं, आणि कुलपापुढं शिसवी पेटारा सरकवलेला होता. कारण गयास आणि आबेदाच्या लग्नात गुलशनबी पंगतीत मोठ्यानं म्हणाल्या होत्या की नान-खलियात, म्हणजे नानबरोबरच्या मटणाच्या रश्शात, तर्री कमी आहे. औरंगाबादेत लग्नाच्या खलियाला तर्री कमी म्हणणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. जैतुनबींनी त्याच संध्याकाळी कुलूप घातलं. तेव्हापासून नणंद-भावजय बोलत नव्हत्या. ईदेला शिरखुर्मासुद्धा रस्त्यानं, टांग्यातून, तिसऱ्याच माणसाच्या हाती जाई.

मी तीनदा विषय काढला. जैतुनबींचं उत्तर एकच. "जल जाऊंगी, पन उस दरवाज़े से नै जाऊंगी." आबेदा ऐकत असे. तिनं सासूला एकदाही आर्जव केलं नाही. नुसतं पोटावर हात ठेवून बसे. मला ते बघवत नसे, आणि तोंडानं "मी आहे ना" म्हणायचंही आता धाडस होत नसे.

इकडं आप्पासाहेबांना काहीच कळलं नव्हतं. त्यांच्या मते दोन्ही तालमी कामयाब होत्या, फक्त त्यांत अस्सलपणा नव्हता. "धूर पाहिजे," ते म्हणाले. "धुराशिवाय लोकांच्या मनावर ठसत नाही." मी नको म्हणाले. ह्यांनी नको म्हटलं. इलियासनं तर हात जोडले. पण पेशकारानं एकदा प्रकरण दाखल केलं की ते निकाली निघाल्याशिवाय राहत नाही. तिसऱ्या तालमीच्या शुक्रवारी सकाळी त्यांनी घमेल्यात ओल्या गोवऱ्या पेटवल्या आणि इलियास पान खायला गेल्याचं बघून घमेलं जिन्याच्या तोंडाशी ठेवलं. पिंजाऱ्याच्या दुकानात हवेतसुद्धा कापूस असतो. हे आप्पासाहेबांना तोवर माहीत नव्हतं.

मी आमच्या दारापुढच्या पायरीवर उभी होते. धूर आला. मी मनात म्हणाले, वा. आणखी आला. मी म्हणाले, म्हाताऱ्यानं कमाल केली. मग तो काळा झाला आणि डोळ्यांत घुसला, आणि खालून इलियासचा खोकत खोकत आवाज आला, "वैनीऽऽ! खाली येऊ नका! खरी हाय! ही खरी हाय!"

सासूबाई माझ्यामागं बरणी घेऊन उभ्या होत्या. "म्हंजी?" त्या म्हणाल्या. "आदीच्या दोन खोट्या व्हत्या व्हय?"

मी त्यांना पुढं घातलं आणि वर ढकलत नेलं. दाबून रचलेला कापूस भडकत नाही, धुमसतो. ज्वाळा कमी आणि धूर अमाप. जिना दिसेनासा झाला होता. वर गेलो, जिन्याचं दार लावलं, फटीत ओल्या गोधड्या कोंबल्या. तरी दाराच्या कडेनं धूर येतच होता. आबेदा भिंतीला टेकून उभी होती. जैतुनबी तख्तावर, पानदान मांडीवर.

मी आणि सासूबाईंनी पेटाऱ्याला खांदे लावले. सासूबाईंनी त्या वयातही असा रेटा दिला की पेटारा कुरकुरत बाजूला गेला. आता दिसलं ते बुटकं दार आणि त्यावरचं कुलूप.

"खाला, चावी द्या," मी जैतुनबींना म्हणाले.

जैतुनबी हलल्या नाहीत. त्या कुलपाकडं बघत होत्या. आबेदाला खोकल्याची उबळ आली, आणि ती भिंतीवरून घसरत खाली बसली, दोन्ही हात पोटाखाली धरून.

जैतुनबींनी पानदान बाजूला ठेवलं. कमरेच्या छल्ल्यातून चावी काढली, कुणालाही मदत न मागता उठल्या आणि स्वतः कुलूप उघडलं. मी दार ढकललं. उघडेना. पुन्हा ढकललं. पलीकडं काहीतरी खडखडलं.

त्या बाजूनंही कुलूप होतं. गुलशनबींनीही त्याच संध्याकाळी घातलं असणार.

मी दोन्ही मुठींनी दार बडवलं. पलीकडून आवाज आला, "कौन है? कोई मर्द तो नै साथ में?"

जैतुनबी मला म्हणाल्या, "बोलो उनकू, कोई मर्द नै."

मी ओरडले, "कुणी पुरुष नाही! आग लागलीय! उघडा!"

"कौन बोल रई?"

"मी, खालच्या मजल्यावरची!"

"पीछे कौन खड़ी है?" गुलशनबींचा आवाज आता दाराला चिकटला होता. पलीकडं चाव्यांचा जुडगा खुळखुळत होता.

जैतुनबी मला म्हणाल्या, "बोलो, उनकी भावज है."

सासूबाईंचा संयम संपला. "अगं बायांनो," त्या कडाडल्या, "ही मधी फळी हाय का गोदावरी हाय?"

तेवढ्यात आबेदा जमिनीवरूनच म्हणाली, "फूफी, मैं है. दम घुट रा."

चाव्यांचा आवाज थांबला. मग पुन्हा, भराभर. आणि चावी फिरवता फिरवताच गुलशनबी म्हणाल्या, "खुद बोलने कू बोलो. खलिये में तर्री कम थी के नै?"

जैतुनबींनी डोळे मिटले. मी एवढंच सांगते, आणि शपथेवर सांगते: कुलूप खाली पडल्याचा आवाज आधी आला, उत्तर नंतर.

"कम थी," जैतुनबी म्हणाल्या.

दार उघडलं. लख्ख ऊन आणि गार हवा आत आली. गुलशनबी दारात उभ्या होत्या, पिठानं भरलेले हात घेऊन. जैतुनबींनी आबेदाला पुढं केलं, आणि स्वतः वाकून त्या दारातून जाताना पुटपुटल्या, "मगर नमक बराबर था."

गुलशनबींच्या गच्चीवर आम्ही सगळ्या बसलो. आबेदाला उशी दिली, पाणी दिलं, तिचा चेहरा पुन्हा रंगावर आला. चहा आला. सासूबाई कुणाकडचा चहा घेत नसत. त्यांनी बरणी उघडून सगळ्यांच्या हातावर लोणच्याची एकेक फोड ठेवली.

खाली शहागंजात मात्र कल्लोळ होता. इलियासनं आणि पखालवाल्यांनी कापूस ओढून रस्त्यावर काढला होता आणि पाणी ओतत होते. आम्ही सुखरूप आहोत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि त्या गोंगाटात मला एक आवाज ऐकू आला.

"वच्छलाऽऽ! वच्छलाऽऽ!"

शहागंजात मला कुणी वैनी म्हणे, कुणी भाबी, कुणी सूनबाई. आमचे हे "अगं" म्हणत, आणि फार प्रेम आलं तर "ऐकलंस का" म्हणत. माझं नाव त्या गल्लीत कुणाला माहीतच नव्हतं. आणि हे भर बाजारात, डोक्यावर टोपी नाही, धुराच्या दिशेनं झेपावत, चौघांनी धरून ठेवलेले, माझं नाव ओरडत होते.

मला उत्तर द्यायचं होतं. पण गच्चीवरून बाजारात ओरडणार कशी? मी नुसती पदर तोंडाशी धरून उभी राहिले. शेवटी सासूबाई कठड्याशी गेल्या.

"वरडू नगंस रे!" त्या ओरडल्या. "हितं हाय आमी! लोणचं खाऊन ऱ्हायलोत!"

नुकसान म्हणाल तर खालच्या काही पायऱ्या, इलियासच्या थोड्या रजया आणि आप्पासाहेबांची डावी मिशी. उजवी त्यांनी संध्याकाळी स्वतःहून काढली. रजयांची भरपाई त्यांनी केली आणि वर महिनाभर इलियासच्या दुकानाबाहेर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या विड्या विझवल्या. कचेरीतून इन्स्पेक्टरही आला. "आग कुठं आहे?"

"विझली," हे म्हणाले.

"मग आता काय पाहू? विझायच्या आधी कळवायचं." आणि लिहून गेला: मौक्यावर आग आढळली नाही.

आबेदाला मुलगी झाली. बाळंतपण गुलशनबींच्या घरी झालं, कारण आमच्या जिन्याच्या पायऱ्या अजून बसवायच्या होत्या. निदान सांगायला तरी तेच कारण होतं. बाळ-बाळंतीण खिडकीतूनच परत आल्या. छठीच्या, म्हणजे बाळाच्या सहाव्या, दिवशी त्याच खिडकीतून गुलशनबींनी नान-खलियाचं पातेलं पाठवलं. वर बोटभर लाल तर्री तरंगत होती. त्या तर्रीत माणसाला तोंड दिसलं असतं.

आम्ही सगळ्या जैतुनबींकडं बघत होतो. त्यांनी नानचा तुकडा बुडवला. चावला. गिळला. आणि पलीकडं ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या, "नमक कम है."

आबेदानं बाळाला छातीशी धरलं. मी त्या बुटक्या दाराकडं बघत राहिले, आता आपटेल, मग आपटेल.

पलीकडून गुलशनबींचा आवाज आला, "कम है तो इधर आ के खाओ! नमक का डब्बा इधर है!"

जैतुनबी उठल्या. गुडघ्यांवर हात ठेवून, कण्हत, पानदान उचलून, वाकून खिडकीतून गेल्या. त्यांच्यामागं बाळाला घेऊन आबेदा. त्यांच्यामागं पातेलं घेऊन मी.

सासूबाई आमच्या मजल्यावरून जिना चढून वर येत होत्या. रिकामा मजला आणि खिडकीतून निघालेली माझी पाठ बघून घाबरल्या.

"काय गं, पुन्यांदा लागली का?"

"नाही, आत्याबाई."

"मंग समद्या चालल्या कुठं?"

"जेवायला."

"मंग थांब की जरा," त्या म्हणाल्या आणि परत जिना उतरू लागल्या. "बरणी घेऊन येते."